ओटीत नवे आहात? सुरुवात हातमोज्यांपासून करा

दरवर्षी कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या, डी. वाय. पाटील रुग्णालयाच्या आणि राजारामपुरी-शाहूपुरीतल्या लहानमोठ्या नर्सिंग होमच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नवी मुलंमुली येतात. कोणी इंटर्न, कोणी पहिल्या वर्षाचे रेसिडेंट, कोणी नर्सिंगच्या विद्यार्थिनी, कोणी टेक्निशियन. पहिल्या दिवशी सगळ्यांना एकच वाक्य ऐकू येतं, ‘कशाला हात लावू नका.’ त्यामुळे पेशंटला आपल्यापासून कसं जपायचं हे लवकर कळतं. आपला स्वतःचा हात कसा जपायचा, हे मात्र शांतपणे बसवून कोणी सांगत नाही. ओटी सिस्टर म्हणून मी ते नव्या मुलांना सांगत आले आहे, तेच इथे लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की धरा. ऑपरेशनमध्ये हातमोजा फाटतो, आणि बहुतेक वेळा तो फाटलाय हे घालणाऱ्याला कळत नाही. भोक सुईच्या टोकाएवढं असतं, दुखत नाही, रक्त आत झिरपलेलं दिसतं ते मोजा काढल्यावर. खाली जी पथ्यं सांगते आहे ती सगळी ‘फाटेल’ असं गृहीत धरून आहेत.

ऑपरेशनला रबरी हातमोजे रुळले त्याची सुरुवात एका नर्सच्या हातांपासून झाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन ही सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांची ओटी नर्स होती. हात निर्जंतुक करायला तेव्हा मर्क्युरिक क्लोराइडचं द्रावण वापरत. त्यानं तिच्या हातांची कातडी सोलवटून निघाली. १८८९-९० च्या सुमारास हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ हातमोजे करवून घेतले. पेशंटला जंतुसंसर्ग कमी होतो म्हणून सगळ्यांनीच ते घालावेत, ही समज त्यानंतर काही वर्षांनी आली. ‘ग्लोव्हज पेशंटसाठी असतात’ असं कोणी म्हणालं, तर ते अर्धंच खरं आहे.

ओटीत पाऊल टाकण्याआधी

हिपॅटायटिस बी ची लस. तीन डोस: आज, एक महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातल्या अँटी-एचबीएसचं, म्हणजे लसीनं तयार झालेल्या संरक्षक अँटीबॉडीचं, प्रमाण तपासा. ते १० mIU/ml किंवा त्याहून जास्त हवं. कमी असेल तर डॉक्टर पुन्हा डोस देतात. पुष्कळ जण तिन्ही डोस घेतात आणि ही तपासणी करतच नाहीत. मग टोचल्याच्या दिवशी धावपळ होते. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी च्या रक्तानं माखलेली सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. हिपॅटायटिस सी मध्ये ती साधारण २ टक्क्यांच्या आत आणि एचआयव्हीत ०.३ टक्के, म्हणजे साधारण ३०० मध्ये एक. भीती सगळे एचआयव्हीची बाळगतात. आकडे दुसरीकडे बोट दाखवतात. आणि हिपॅटायटिस बी वर तर लस आहे.

नखं कापलेली हवीत. अंगठी, घड्याळ, बांगड्या, मनगटाचा दोरा, सगळं बाहेर. जोतिबाचा दोरा काढायचा म्हटलं की काहींचा जीव खाली-वर होतो. तो घडी करून पाकिटात ठेवा, देव रागावत नाही. चैत्रात यात्रेहून आल्यावर नखांच्या कडेला गुलाल राहतो, तो स्क्रबच्या, म्हणजे ऑपरेशनआधी हात घासून धुण्याच्या, आधी नखकोरणीनं काढा. अंगठीच्या कडेनं मोजा आतून फाटतो आणि दोऱ्यात जंतू बसतात, कारण एवढंच आहे.

लॅटेक्सची ॲलर्जी आहे का, हेही आधीच ओळखा. मोजे घातल्यावर खाज, पुरळ, शिंका, डोळ्यांतून पाणी, छाती भरून येणं, यातलं काही होत असेल तर ‘पावडरमुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नका. केळी, किवी खाल्ल्यावर तोंडात खाज येणाऱ्या काहींना लॅटेक्सही सोसत नाही. इन्चार्ज सिस्टरांना सांगा. लॅटेक्स नसलेले निर्जंतुक मोजे मिळतात, फक्त मागणी आधी द्यावी लागते. पेशंटलाही हाच प्रश्न विचारायचा, विशेषतः लहानपणापासून पुष्कळ ऑपरेशनं झालेल्यांना.

माप आणि पाकीट

सर्जिकल मोज्यांची मापं साडेसहा, सात, साडेसात अशी असतात. आपलं माप स्वतः घालून ठरवा, मैत्रिणीचं चालवू नका. घट्ट मोज्यात बोटं बधिर होतात, सैल मोज्याचं टोक गाठीत अडकतं. पाकीट उघडण्याआधी तारीख, माप, पाकीट ओलं किंवा फाटलेलं नाही ना, हे बघा.

पावडरचे मोजे मिळत असले तरी बिनपावडरचे मागा. मक्याच्या स्टार्चची ती पावडर पोटात पडली तर आतडी चिकटण्याचं, गाठी होण्याचं कारण ठरू शकते, आणि हवेत उडून लॅटेक्सची प्रथिनं श्वासात नेते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ च्या जानेवारीपासून पावडरच्या मोज्यांवर बंदी घातली ती याच कारणांनी.

साठ्याबद्दल कोल्हापूरपुरतं एक. रबराला ऊन, उष्णता आणि ओल तिन्ही मारक आहेत. पावसाळ्यात भिंतीला लागून खोके ठेवू नका, खाली फळी घाला. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता, हे इथल्या प्रत्येक स्टोअरकीपरला आठवतं. जूनच्या आतच जास्तीचा साठा भरून ठेवायची सवय चांगली. मोजे संपत आले की डबल ग्लोव्हज सगळ्यात आधी बंद होतात.

घालताना

हात पूर्ण कोरडे हवेत. स्क्रबनंतर किंवा स्पिरिटचं हँडरब लावल्यानंतर घाई केली की मोजा चिकटतो, ओढताना फाटतो आणि कातडीही खाज सुटून खराब होते. लॅटेक्सच्या खाली व्हॅसलिन किंवा तेलकट क्रीम कधीच लावू नका, त्यानं रबर मऊ पडतं. हात कोरडे पडत असतील तर क्रीम घरी रात्री लावा.

गाऊन घातला असेल तर बंद पद्धत वापरायची. हात बाहीच्या बाहेर काढायचेच नाहीत. बाहीच्या आतूनच मोजा उचलायचा, तळव्यावर तळवा आणि अंगठ्यावर अंगठा येईल असा ठेवायचा, बोटांची टोकं आपल्या कोपराकडे. मोज्याची खालची कड आतल्या हातानं पकडायची आणि वरची कड दुसऱ्या हातानं बाहीच्या टोकावरून उलटवायची. मग बोटं पुढे सरकवायची. पहिले काही वेळा हे जमत नाही, हात गोंधळतात. मुदत संपलेली पाकिटं मागून घ्या आणि ड्युटी संपल्यावर सराव करा. गाऊन नसेल तर उघडी पद्धत: उघड्या हातानं फक्त दुमडलेल्या कडेच्या आतल्या बाजूला हात लावायचा, मोजा घातलेल्या हातानं फक्त बाहेरच्या.

काही शंका आली, कशाला तरी लागल्यासारखं वाटलं, तर मोठ्यानं सांगा, ‘माझा ग्लोव्ह अनस्टराइल झाला.’ कोणी रागावलं तरी सांगा.

दोन जोड

आता मुख्य विषय. डबल ग्लोव्हज म्हणजे एकावर एक दोन निर्जंतुक जोड. कॉक्रेन या संस्थेनं २०१४ मध्ये जगभरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. एकाच जोडीच्या तुलनेत दोन जोड घातल्यावर आतल्या मोज्याला भोकं पडण्याचं प्रमाण ७१ टक्क्यांनी कमी झालं. वरचा मोजा फाटतोच, पण आतला बहुतेक वेळा शाबूत राहतो. शिवाय टाक्याची भरीव सुई रबराच्या थरातून जाताना तिच्यावरचं रक्त पुसलं जातं. दोन थर असले तर जास्त पुसलं जातं. इंजेक्शनच्या पोकळ सुईत मात्र रक्त आत राहतं, म्हणून ती जास्त धोक्याची. एक प्रामाणिक गोष्टही सांगितली पाहिजे. दोन जोडांनी घालणाऱ्याचं रक्षण होतं हे सिद्ध आहे. पेशंटच्या जखमेतला संसर्ग त्यानं कमी होतो, असा तितका भक्कम पुरावा नाही.

सुरुवात अशी करा. नेहमीचं माप साडेसहा असेल तर आत सात आणि वर साडेसहा घाला. काहींना उलटं बरं वाटतं, दोन्ही करून बघा. आतला गडद हिरवा मिळाला तर उत्तम: वरच्याला भोक पडून ओल आत शिरली की तिथे हिरवा डाग उठून दिसतो. पहिले काही दिवस गाठ मारताना बोटं परकी वाटतील. लहान केसेसपासून सुरू करा, थोड्या आठवड्यांत हात सरावतो.

उजव्या हातानं काम करणाऱ्याच्या डाव्या हाताची तर्जनी सगळ्यात जास्त फाटते. उजवा हात सुई चालवतो आणि डावी तर्जनी ऊतक धरून समोर असते. तपासायचं तर आधी ती बघा.

हाडांच्या केसेसना दोन जोड हा पर्याय नाही, ती गरज आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतले चिरडलेले हात, गुऱ्हाळाच्या चरकात सापडलेली बोटं, महामार्गावरचे अपघात: तुटलेल्या हाडाची कड, के-वायर (हाड जोडायला घालतात ती टोकदार सळई), तारेची टोकं, यांतलं काहीही मोजा कापतं. बोन सिमेंट (कृत्रिम सांधा हाडात बसवायचं सिमेंट) वापरलं तर ते घट्ट झाल्यावर वरचा जोड बदला, कारण त्यातलं द्रव्य लॅटेक्समधून आत झिरपतं.

ऑपरेशन चालू असताना

मोजे कायम टिकत नाहीत. घाम, ताण, गरम पाणी, कॉटरी (रक्तस्राव थांबवायला ऊतक जाळणारं यंत्र), सगळ्यांनी रबर थकतं. अमेरिकेतल्या ओटी नर्सेसच्या संघटनेची शिफारस ९० ते १५० मिनिटांनी मोजे बदलण्याची आहे. लांबलेल्या केसमध्ये सर्क्युलेटिंग सिस्टरनं, म्हणजे टेबलापासून दूर राहून सामान पुरवणाऱ्या सिस्टरनं, वेळ लक्षात ठेवावी आणि नव्यानं आलेल्यांनी हे काम मागून घ्यावं. भोक दिसलं, टोचल्यासारखं झालं, आतून ओलं लागलं, की लगेच बदल.

धारदार वस्तू हातातून हातात द्यायची नाही. मध्ये एक किडनी ट्रे ठेवा. देणारा त्यात ठेवतो, ‘ब्लेड’ असं म्हणतो, घेणारा उचलतो. ट्रेमध्ये एका वेळी एकाचाच हात. सुई बोटानं धरायची नाही, फोर्सेपनं धरायची. गाठ मारण्याआधी सुई नीडल होल्डरमध्ये टोक आत वळवून बंद करायची किंवा काढून टाकायची. सिरिंजच्या सुईला टोपण पुन्हा लावायचं नाही. पोट बंद करताना, म्हणजे स्नायूंवरच्या जाड पडद्याला टाके घालताना, सुया सर्वाधिक टोचतात, कारण तेव्हा सगळे थकलेले असतात आणि सुई बोटांनी चाचपत चालवली जाते. त्या थरासाठी बोथट टोकाच्या सुया मिळतात. त्यांनी मोज्यांना भोकं पडणं ५४ टक्क्यांनी कमी होतं, हेही कॉक्रेननंच दाखवलं आहे.

चष्मा किंवा गॉगल लावा. रक्त डोळ्यात उडतं आणि डोळ्याला हातमोजा नसतो.

काढताना

आधी गाऊन, मग मोजे. मोजा बाहेरून धरून उलटा करत काढा, तो दुसऱ्या हाताच्या मुठीत धरा, मग मोकळ्या हाताचं बोट दुसऱ्या मोज्याच्या आत घालून तोही उलटा करा. मोजे लाल पिशवीत, सुया-ब्लेड पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात, हे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत आहे. मग हात धुवा. मोजे घातले होते म्हणून धुणं टाळलं, तर घातल्याचा अर्धा फायदा गेला.

ट्रॉलीवर, चादरीच्या घडीत, गाऊनच्या खिशात सुई राहिली तर ती कोणाला टोचते? ओटी आवरणाऱ्या मावशींना आणि कपडे धुणाऱ्या मामांना. त्यांच्या हातात एकही निर्जंतुक जोड नसतो आणि ‘पेशंट कोण होता’ हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. सुया मोजल्याशिवाय ट्रॉली सोडू नका. माझ्या दृष्टीनं हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे.

तुम्हाला काय काय ऐकवलं जाईल

‘दोन ग्लोव्हजमध्ये स्पर्श कळत नाही.’ यात तथ्य आहे, विशेषतः केसासारख्या धाग्यांनी रक्तवाहिन्या जोडताना. पण रोजच्या हर्निया, सिझेरियन, अपेंडिक्सला सराव झाला की फरक राहत नाही. अनुभवी हाताची तक्रार ऐकून घ्या, पण शिकाऊ हाताला अजून एकाच जोडीची सवय लागलेली नाही, त्यानं थेट दोन जोडांतच शिकावं.

‘रिपोर्ट निगेटिव्ह आहे की.’ लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. तातडीच्या केसमध्ये तर रिपोर्ट यायच्या आधीच चीर घेतलेली असते. प्रत्येक रक्त संसर्ग असलेलंच समजायचं, हा नियम १९८० च्या दशकापासून जगभर शिकवला जातो.

याचीच दुसरी बाजू मला जास्त बोचते. एचआयव्ही असलेला पेशंट आला की अचानक सगळे दोन-दोन जोड घालतात, फाइलवर लाल खूण होते, दारात कुजबुज सुरू होते, केस यादीत शेवटी ढकलली जाते. तो माणूस टेबलावर जागा असतो, त्याला सगळं ऐकू येतं. एचआयव्ही-एड्सबाबतचा २०१७ चा कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, त्या माणसाशी भेदभाव करायला मनाई करतो, त्याची माहिती परवानगीशिवाय उघड करायला मनाई करतो, आणि त्याच कायद्यानं कर्मचाऱ्यांना सुरक्षा साधनं आणि टोचल्यानंतरची औषधं पुरवणं संस्थेवर बंधनकारक केलं आहे. सगळ्यांना रोज दोन जोड असतील तर कुणाला वेगळं काढायची वेळच येत नाही.

‘त्याला काय हुतंय!’ हे आपल्याकडचं आवडतं वाक्य. ज्यांना काही झालं नाही तेच ते म्हणायला आपल्यासमोर उभे असतात.

आणि खर्च. लहान नर्सिंग होममध्ये हा खरा प्रश्न असतो, त्याला हसू नये. सगळ्या केसेसना जमत नसेल तर निदान हाडं, सिझेरियन, मोठी पोटाची आणि तातडीची ऑपरेशनं इथून सुरुवात करा, असं सुचवता येतं.

सीनियरांना कसं सांगायचं? ‘सर, चुकतंय’ असं म्हणू नका. जे दिसतं ते सांगा आणि उपाय हातात तयार ठेवा: ‘सर, डाव्या तर्जनीला रक्त दिसतंय, साडेसात उघडलाय.’ मोजा उघडून समोर धरला की क्वचितच कोणी नाही म्हणतं. चीर घेण्याआधीचा टाइम-आउट, म्हणजे सगळ्यांनी थांबून पडताळणी करायचा क्षण, ही बोलायची दुसरी जागा. जागतिक आरोग्य संघटनेची सर्जिकल चेकलिस्ट २००८ मध्ये आली. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं. टाइम-आउटला सगळे आपलं नाव सांगतात. नाव सांगितलेलं माणूस पुढे तोंड उघडायला कमी घाबरतं, म्हणून तो अर्धा मिनिट वगळू देऊ नका.

टोचलंच तर

काम थांबवा आणि सांगा. दुसरा हात पुढे येईल, केस थांबत नाही. मोजे काढा, जागा साबण-पाण्यानं धुवा. पिळू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नका. डोळ्यात उडालं असेल तर पाण्यानं किंवा सलाइननं भरपूर धुवा. वेळ लिहून ठेवा.

एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्यांचा पहिला डोस शक्यतो दोन तासांच्या आत हवा, ७२ तासांनंतर उपयोग नाही. रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. पेशंट निगेटिव्ह निघाला तर गोळ्या थांबवता येतात की नाही, हे डॉक्टर ठरवतात. सीपीआरमध्ये एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र, आहे. पण रात्री दोन वाजता तुमच्या रुग्णालयात पहिला डोस कुठल्या कपाटात असतो आणि किल्ली कोणाकडे असते, हे रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवा. हिपॅटायटिस बी ची लस झालेली नसेल किंवा अँटी-एचबीएसचं प्रमाण १० च्या खाली असेल तर इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटीबॉडींचं) इंजेक्शन शक्यतो २४ तासांत लागतं. हिपॅटायटिस सी ला आधी घेण्यासारखं काही नाही, पण वेळेवर तपासत राहिलं तर गोळ्यांनी तो बहुतेकांत पूर्ण बरा होतो.

तुमचं रक्त त्याच दिवशी तपासलं जाईल, मग सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने. तोवर रक्तदान नाही आणि निरोध वापरायचा. हे नवऱ्याला किंवा बायकोला सांगणं अवघड असतं. समुपदेशक त्यासाठीच आहेत, सोबत घेऊन जा. नोंदवहीत नोंद करा, रुग्णालय आग्रह करो वा न करो, कारण पुढे काही झालं तर ती नोंदच तुमची बाजू असते. गोळ्या २८ दिवसांच्या असतात. मळमळ, डोकेदुखी, झोप उडणं असं होऊ शकतं, आणि त्याच कारणानं लोक दहाव्या-बाराव्या दिवशी सोडून देतात. सोडू नका, सेंटरला फोन करा. त्रासावर औषध देतात किंवा गोळी बदलून देतात.